नागोया ते ताकायामा: 'हिदा' एक्स्प्रेस आणि डोंगरातलं स्टेशन

जपानमध्ये नागोयाहून ताकायामा या डोंगरातल्या शहराला जाणाऱ्या 'हिदा' एक्स्प्रेसमध्ये चढलं की सगळ्या सीट उलट्या दिसतात. त्या फिरवायला जाऊ नका. गाडी आधी तोकाइदो मार्गाने पश्चिमेला गिफूपर्यंत जाते, आणि ताकायामाचा फाटा तिथून पुन्हा पूर्वेकडे निघतो. त्यामुळे गिफूला गाडीची दिशा बदलते. जेमतेम वीस मिनिटं पाठमोरं बसायचं, पुढचे दोन तास सरळ. हौसेने सीट फिरवणाऱ्यांना गिफूला ती पुन्हा फिरवावी लागते, तेही मागच्याला उठवून.

तिकिटाचे दोन भाग असतात: मूळ भाडं आणि एक्स्प्रेसचा अधिभार. नुसतं आयसी कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) टॅप करून भागत नाही. जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास) असेल तर दोन्ही त्यात येतं, सीट मात्र आधी राखून ठेवा. काही गाड्या पुढे तोयामाला जातात, पण ताकायामाला मागे राहणारे डबेही त्यांना असतात. तोयामाला जायचं असेल तर डब्याचा क्रमांक पाहूनच बसा. गाडीत खायला काही विकत मिळत नाही. शाकाहारी असाल तर जेवणाचा डबा नागोयालाच भरून घ्या, कारण हिदा भागात, म्हणजे ताकायामाच्या परिसरात, बीफचा बोलबाला आहे.

गिफूच्या पुढे मार्गावर विजेच्या तारा नाहीत. 'हिदा'साठी वापरल्या जाणाऱ्या एचसी८५ प्रकारच्या गाडीत डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि मोटर चाकं फिरवते, सोबत बॅटरी. गाडी स्टेशनात थांबली की इंजिनाची घरघर बंद होते, ती शांतता लगेच जाणवते. हिदा नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे येते, त्यामुळे खिडकीवरून भांडण नको.

ताकायामाला रेल्वे उशिरा पोचली. गिफूकडून आणि तोयामाकडून रूळ पुढे सरकत होते, ते २५ ऑक्टोबर १९३४ रोजी जोडले गेले. स्टेशनही त्याच दिवशी सुरू झालं. त्याआधी इथल्या मुली नागानोच्या रेशीम गिरण्यांत कामाला जायच्या त्या १,६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड चालून, बर्फातूनसुद्धा. आजची इमारत २०१६ ची. पूर्वेच्या दाराला नोरिकुरा आणि पश्चिमेच्या दाराला हाकुसान या पर्वतांची नावं आहेत. दोन्ही दारांना जोडणाऱ्या पुलावर उत्सवाच्या रथांची कारागिरी मांडली आहे. लाकडातले सांधे जवळून पाहायला पाच मिनिटं काढा.

जुन्या गावासाठी पूर्वेचं दार. सान्माची या जुन्या वस्तीतली लाकडी घरं दहा-बारा मिनिटांच्या चालीवर. बाहेर पडताच डाव्या हाताला बसस्थानक. शिराकावागो या गवती छपरांच्या घरांच्या गावाची बस साधारण ५० मिनिटं घेते, काही फेऱ्यांना आरक्षण लागतं. १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला उत्सव असतो, तेव्हा लॉकर सकाळीच भरतात. बॅगा हॉटेलवर टाकून मोकळे व्हा.

धास्ती पावसाची. ऑक्टोबर २००४ च्या वादळाने ताकायामाच्या उत्तरेकडचा मार्ग तोडला, तो पूर्ण सुरू व्हायला सप्टेंबर २००७ उजाडला. आजही मुसळधार पावसात गाड्या थांबवतात. परतीचं विमान त्याच दिवशी धरू नका. गाडी बंद पडलीच तर आधी शेजारच्या बसस्थानकात नागोयाची बस आहे का विचारा. जागा पटकन संपतात.