मॉरिशसमध्ये ‘हिंदू’ म्हणजे नेमकं कोण?

मॉरिशसची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास आहे. २०११ मध्ये एकट्या नागपूर शहराची याच्या जवळपास दुप्पट भरली होती. २०२२ च्या जनगणनेत इथे सुमारे ४८ टक्के हिंदू, ३२ टक्के ख्रिस्ती (त्यांत बहुतांश रोमन कॅथलिक) आणि १८ टक्के मुस्लिम नोंदले गेले. हे आकडे बरोबरच आहेत, पण आपल्याकडच्या सवयीने ते वाचले की गल्लत होते.

रोजच्या बोलण्यात इथे ‘हिंदू’ म्हणजे बहुतेक वेळा बिहार आणि आसपासच्या भागातून आलेल्या भोजपुरी भाषकांचे वंशज. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे वेगळे समाज मानले जातात. जनगणनेत धर्म विचारला, तरी काही जण उत्तर ‘तमिळ’ किंवा ‘मराठी’ असंच देतात. एकूण टक्केवारी काढताना मात्र ही सगळी मंडळी हिंदूंमध्ये धरली जातात.

सुट्ट्यांच्या यादीत ही विभागणी उघड दिसते. महाशिवरात्र आणि दिवाळी आहेच. शिवाय तमिळांची थैपूसम कावडी, तेलुगूंची उगादी आणि मराठी लोकांची गणेश चतुर्थी. उगादी आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी येते, पण ती सुट्टी तेलुगूंची म्हणून ओळखली जाते. हे समाज आपला मान किती जपतात, ते नोटेवरही दिसतं. तिथे मजकूर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी या क्रमाने असतो. १९९८ मालिकेच्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर छापली गेली, तमिळ समाजाने जोरदार विरोध केला आणि त्या नोटा परत घ्याव्या लागल्या.

राज्यघटनेची मोजणी आणखी निराळी. तिच्यात चारच समाज आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिघांपैकी वाटत नाही तो चौथ्यात, अशी व्याख्याच आहे. त्यामुळे फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज आणि त्यांच्या मळ्यांवर राबलेल्या आफ्रिकी, मालागासी (मादागास्करच्या) गुलामांचे वंशज एकाच रकान्यात बसतात. हा रकाना मला सगळ्यात खटकतो.

या मोजणीचा वापर निवडणुकीत होतो. ६२ खासदार मतांनी निवडून येतात. त्यानंतर कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतले, थोड्या फरकाने हरलेले जास्तीत जास्त ८ उमेदवार संसदेत घेतले जातात. कोणाला किती जागा द्यायच्या याचा हिशेब मात्र १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. मराठी, तमिळ आणि तेलुगू या हिशेबात वेगळे उरत नाहीत, हिंदूंमध्येच जातात.

भाषेवरूनही कोण कुठला ते कळत नाही. घरात बहुतेक सगळे क्रेओल ही फ्रेंचवरून घडलेली स्थानिक भाषा बोलतात, मराठी घरंही त्याला अपवाद नाहीत. म्हणूनच जनगणनेत घरात बोलण्याची भाषा आणि पूर्वजांची भाषा असे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. ‘मॉरिशसमध्ये मराठी किती?’ याचं उत्तर शोधताना दुसऱ्या प्रश्नाचा आकडा पाहावा. पहिल्यात मराठी जवळजवळ दिसतच नाही.

बेटावर मूळ रहिवासी कोणीच नव्हते. डच, फ्रेंच आणि इंग्रज आले. डच आणि फ्रेंचांनी गुलाम आणले. १८३४ पासून करारावरचे भारतीय मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून येऊ लागले. एकूण साडेचार लाखांच्या वर. मराठी मजूर मुंबईहून चढले, त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे बरेच.

कोकणातल्या कोणाला तिकडे गेलेल्या पूर्वजाचा माग काढायचा असेल, तर मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, जहाज, वय, वडिलांचं नाव, जात आणि गाव सापडू शकतं; १८६०च्या दशकानंतरच्या काहींचे फोटोही आहेत. आडनावावर मात्र विसंबू नका. नोंदीत मजुराचं पाळण्यातलं नाव लिहिलं गेलं आणि पुढे तेच कुटुंबाचं आडनाव बनलं, म्हणून इथे सखाराम किंवा भिवाजी ही आडनावं भेटतात. मॉरिशसमधल्या नातलगांकडून जन्म आणि लग्नाचे दाखले मागवून एकेक पिढी मागे जा, मजुराचा क्रमांक मिळाला की बाकीचं सोपं होतं. गावाचं नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं रोमन लिपीत उतरवलेलं असतं. ते मोठ्याने वाचून पाहा आणि मग तालुक्याच्या नकाशावर त्याच्या जवळचं नाव शोधा.