यंदा मॅरिनर्सच!

पाडवा झाला. आता आठवड्याभरात बेसबॉलचा सीझन सुरू, आणि मला अगदी शाळा उघडायच्या आधी वाटायचं तसं होतंय. लेक सिअ‍ॅटलला राहते, तिच्यामुळे मी मॅरिनर्सची, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाची झाले. आता स्कोअर मीच तिला कळवते!

तिकडे संध्याकाळी ७:१० ला मॅच सुरू होते तेव्हा कोथरूडमध्ये सकाळचे ७:४० झालेले असतात. चहा, निवडायला घेतलेली मेथी आणि मॅचचा पहिला चेंडू. याहून चांगली सकाळ मला माहीत नाही. फेब्रुवारीपासून अ‍ॅरिझोनात सराव सामने चालू आहेत, पण ते आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, म्हणून उठल्याउठल्या नुसता स्कोअर बघते. त्या निकालांना काही किंमत नसते म्हणतात. मला असते.

गेल्या ऑक्टोबरचं अजून मनातून जात नाही. ऐन दिवाळीत, पहाटे साडेपाचला उठून टोरंटोविरुद्धची सातवी मॅच लावली, वर्ल्ड सिरीजला म्हणजे अंतिम फेरीला कोण जाणार ते ठरवणारी. सातव्या इनिंगमध्ये आपण ३-१ ने पुढे, त्यांचे आणखी फक्त आठ आउट काढले की वर्ल्ड सिरीज. आणि टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनांचा होमर मारला, म्हणजे आपल्या षटकारासारखा चेंडू थेट मैदानाबाहेर. ४-३ ने आपण हरलो. हा संघ १९७७ पासून खेळतोय, आणि तीस संघांत वर्ल्ड सिरीजला एकदाही न पोचलेला हा एकटाच. त्या दिवशी लेकीचा फोन आला आणि दोघीही काही बोललो नाही.

पण आता पाटी कोरी आहे. तिसांचाही हिशेब शून्यापासून, पुढे १६२ सामने. आणि आपल्याकडे कॅल रॉली आहे! गेल्या वर्षी ६० होमर, तेही कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर असून. त्याआधी एकाही कॅचरने एका सीझनमध्ये पन्नाससुद्धा मारले नव्हते. अख्खी मॅच उकिडवं बसायचं, बोटांवर चेंडू झेलायचे आणि मग बॅट घेऊन उभं राहायचं, कधी डावखुरा तर कधी उजवा. आपल्या विकेटकीपरांवर प्रेम असलेल्या कुणीही हा माणूस एकदा बघावाच.

एप्रिलमध्ये रन कमी निघाले तर घाबरायचं नाही. तिकडची हवा तेव्हा गार असते, चेंडू लांब जात नाही. जूनपर्यंत बॅटी चालायला लागतात.

व्हिसा आहे, पैसे बाजूला काढलेत. लेकीला सांगून ठेवलंय, सप्टेंबरपासून विमानाच्या तिकिटांवर लक्ष ठेव. वर्ल्ड सिरीज सिअ‍ॅटलला आली की मी स्टेडियममध्ये असणार.