किती काळी?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला की नागपुरात गाडीत बसायचीही एक रीत असते. दाराची कडी रुमालानं धरायची, दार उघडून दोन पावलं मागं सरायचं, आतली वाफ निघू द्यायची, सीटवर गमछा टाकायचा आणि मग बसायचं. स्टीअरिंगला पहिली पाच मिनिटं दोनच बोटं लावायची. इथल्या सोनेगाव वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं तर ५६ दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला, पण गावातल्या बऱ्याच जणांना तो आकडाच जास्त पटला होता. अशा गावात गिऱ्हाईक गाडीच्या काचांना लावायच्या फिल्मच्या दुकानात शिरतं आणि म्हणतं, "भाऊ, एकदम काळी करून द्या, लई ऊन लागून राहिलं." गोची तिथंच होते. त्याला हवा असतो गारवा आणि तो मागतो काळेपणा.

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत अतिनील किरण साधारण ५ टक्के असतात. डोळ्यांना दिसणारा उजेड चाळीस-पंचेचाळीस टक्के, आणि उरलेला जवळजवळ निम्मा भाग अवरक्त, म्हणजे न दिसणारा. स्वस्तातली रंगवलेली फिल्म दिसणारा उजेड गिळते. अवरक्त तिच्यातून बराचसा आरामात आत येतो. शिवाय गिळलेला उजेड जातो कुठं? काचेतच. काच तव्यासारखी तापते आणि त्यातली काही आच आत फेकते. अंधार होतो, उकाडा राहतो. दोन-तीन उन्हाळ्यांत रंग उडून तीच फिल्म जांभळी पडते, मग फोड येतात. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता परतवते, पण फास्टॅग आणि मोबाइलच्या लहरींनाही आडवी येते. पुढच्या काचेला ती लावली की टोलनाक्यावर दांडा काही वर जात नाही. सिरॅमिक फिल्मची किंमत कितीतरी पट, पण ती दिसायला जवळपास पारदर्शक असूनही अवरक्त अडवते. पैसे देऊन काच काळी दिसतच नाही, म्हणून गिऱ्हाईक हिरमुसतं.

त्याला पटवायला दुकानात एक खोकं असतं. आत तापणारा दिवा, पुढं काचेचा तुकडा. आधी नुसत्या काचेपुढं तळहात धरायचा, मग फिल्मवाल्या काचेपुढं. दहा सेकंदांत फरक कळतो आणि सौदा होतो. प्रयोग खोटा नाही, अर्धवट आहे. त्या दिव्यात अवरक्ताचा वाटा उन्हापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि दहा सेकंदांत फिल्म स्वतः अजून तापलेलीच नसते. पत्रकावरचे '९७ टक्के इन्फ्रारेड रोखते' असले आकडेही बरेचदा अवरक्ताच्या एका अरुंद पट्ट्यापुरते असतात. विचारायचा आकडा 'टीएसईआर', म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडली. ७० टक्के उजेड आत सोडणाऱ्या चांगल्या फिल्मचा हा आकडा चाळीस ते पन्नासच्या आसपास निघतो. म्हणजे दोन तास उन्हात उभी केलेली गाडी तापणारच. एसीला मात्र ती लवकर ऐकते.

आता टक्क्यांचा हिशेब. मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. लोक '५० वाली' फिल्म मागतात आणि कायद्यात बसलो म्हणतात. बसत नाहीत, कारण कंपनीची काचही स्वतःचा वाटा खाते आणि हे दोन आकडे गुणायचे असतात. काच ७५ ची, फिल्म ५० ची, तर हाती ३७.५. ७० ची फिल्म घेतली तर ५२.५, म्हणजे जेमतेम पास. पुढची काच ७८ ची असेल तर ९० च्या खालची फिल्म तिथं चालतच नाही. त्यातून सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ ला कुठल्याही टक्क्याची फिल्म चिकटवायलाच मनाई केली होती. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमात 'सेफ्टी ग्लेझिंग', म्हणजे आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही, हा शब्द आला आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं टक्केवारी पाळणारी फिल्म चालते, असा अर्थ लावला. चौकात मात्र हे वाद घालण्यापेक्षा बिल आणि फिल्मचं प्रमाणपत्र गाडीत ठेवलेलं बरं. आणि हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या काही गाड्यांच्या काचा डिसेंबरात कुठल्या उन्हासाठी काळ्या असतात, ते त्यांनाच ठाऊक.

काम बघायचं तर मागच्या काचेचं बघावं. ती दोन्ही बाजूंनी वाकलेली, फिल्म सपाट. कारागीर आधी काचेच्या बाहेरच्या अंगावर पावडरचा हात फिरवतो, फिल्म पसरतो, आणि तिच्या वर-खाली चुण्या उभ्या राहतात. मग गरम हवा फेकणारी हीट गन. गन एका जागी थांबत नाही, हात सतत हलता. चुणी आधी थरथरते, आक्रसते आणि एकाएकी काचेला टेकते. फिल्म मुख्यतः रोलच्या लांबीत आटते, रुंदीत फारशी नाही. तुकडा आडवा-उभा चुकला तर चुणी जळेल, पण बसणार नाही. गन एकाच ठिकाणी रेंगाळली तर काचेचा चुरा सीटवर. आकार जमला की फिल्म आतून चिकटते: लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब, काच आणि गोंद दोन्ही ओलेचिंब, मग रबरी पट्टीच्या स्क्वीजीनं मधून कडांकडं पाणी काढायचं. बाजूच्या काचेला वरच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर जागा सोडतात, नाहीतर काच वर-खाली होताना कड उचकटते. दारातल्या स्विचवर टॉवेल टाकायला विसरलं की पुढचं बिल इलेक्ट्रिशियनचं.

मे महिन्यात गाडी उन्हातून आली की तासभर सावलीत थांबवावी लागते. तापल्या काचेवर पाणी सरकायच्या आतच उडतं आणि फिल्म हलवता येत नाही. म्हणून सकाळचं काम चांगलं, आधी फरशीवर पाणी मारून. धुळीचा एक कणही आत राहिला की भोवती फोड येतो आणि तो कधीच जात नाही. पाण्याचे छोटे फुगे आणि दुधाळपणा मात्र जातो: उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, पावसाळ्यात दोन-तीन आठवडेही लागतात. घाबरून टाचणीनं टोचू नये. अमोनियाचा काचक्लीनर कधीच नको. जुनी फिल्म काढताना मागच्या काचेवर ब्लेड चालवलं तर काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरच्या रेषा तिच्याबरोबर निघतात; तिथं वाफ आणि सबुरी.

ट्रकचं गणित वेगळं. दाराची काच जवळपास सपाट, लावायला अर्ध्या तासाचं काम. आणि गरज जास्त: समोरच्या काचेत दोन काचांमधला प्लॅस्टिकचा थर अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो, दाराच्या काचेत तो नसतो. नागपूरलगतच्या वाडीहून रायपूरकडं रोज जाणाऱ्या ड्रायव्हरचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा असतो तो त्यामुळं, आणि ती काच खाली असते म्हणूनही.

कारण काच खालीच असते. फिल्म लावल्यावर तीन ते पाच दिवस काच उतरवू नका, असं कारागीर बजावतो, स्विचवर चिकटपट्टीही लावतो. पण नागपूरच्या माणसाच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो, आणि थुंकायला काच खाली लागते. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी निघते, काच चार बोटं खाली येते, आणि आठवड्यानं गाडी दुकानात परत: "भाऊ, ड्रायव्हर साइडचीच कड काऊन उखडली?"