बोनलेस

आबाळ झालेली कुत्री दवाखान्यात रोजच येतात. लाडापायी हाडं पोकळ झालेली क्वचित. मे महिन्यात आलेली लॅब्रॅडोरची चार महिन्यांची मादी त्या दुसऱ्या प्रकारातली. अंगावर तकाकी, पोट भरलेलं, नजर तरतरीत, पण मागच्या डाव्या पायावर भार आला की किंकाळी.

मालक अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, टॉवेलच्या कारखान्याचे. सोबत आई आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. मुलानं आधीच रक्त तपासून घेतलेलं. रिपोर्ट पुढं करत म्हणाला, "सर, कॅल्शियम नॉर्मल आहे. म्हणजे हाडाचा प्रॉब्लेम नाही. कुणीतरी मारलंय, नाहीतर गच्चीच्या जिन्यावरून पडलीय."

मी विचारलं, खाते काय? या प्रश्नाला एका घरातून एकच उत्तर सहसा येत नाही. अण्णा म्हणाले चिकन-भात. मुलगा म्हणाला भात नावालाच, खरं तर रोज उकडलेलं बोनलेस चिकन आणि एक दिवसाआड कलेजी. आजी गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी शेंगाचटणीला लावून भाकरीचा तुकडा देते कधीमधी." त्या चटणीत लसूण असतो, तो कुत्र्याला बाधतो, एवढं सांगून पुढं गेलो. दुधानं जुलाब लागले म्हणून दूध बंद होतं. हाड घशात अडकेल म्हणून हाडही कधी दिलेलं नव्हतं. शिजवलेलं हाड न देण्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्याचे तुकडे आतडं फाडतात.

एक्स-रे आला तेव्हा मी मुलालाच फिल्मसमोर उभं केलं. निरोगी पिल्लाचं हाड मांसापेक्षा ठळक पांढरं दिसतं. इथं मांडीचं हाड शोधावं लागत होतं. कडा पेन्सिलनं ओढल्यासारख्या बारीक आणि मधोमध एक घडी. मार लागला असता तर तुटलं असतं. हे दुमडलं होतं.

"मग रिपोर्ट नॉर्मल कसा?" त्याचा आवाज चढला होता. त्याचं उत्तर मी अण्णांना त्यांच्या धंद्याच्या भाषेत दिलं. दुकानाचा गल्ला भरलेला दिसावा म्हणून घरातलं सोनं मोडत राहावं, तसं हे. हृदय आणि स्नायू कॅल्शियमवर चालतात, म्हणून शरीर रक्तातलं कॅल्शियम सहजासहजी घसरू देत नाही. अन्नातून मिळालं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडातून काढून रक्तात आणतात. रक्त तपासलं तर सगळं ठीक, आणि हाड मात्र रिकामं होत चाललेलं.

कागदावर आकडे मांडले. 100 ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम 10 ते 12 मिलिग्रॅम, फॉस्फरस 200च्या आसपास. कलेजीत तफावत याहून मोठी. वाढत्या पिल्लाला फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त कॅल्शियम लागतं. इथं ते पंधरा-वीस पट कमी पडत होतं. अण्णा बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले. मुलगा मात्र हटेना. "कुत्रा लांडग्याचाच वंशज ना सर? लांडगा भात खातो का?"

लांडगा बघायला लांब जायची गरज नाही, नान्नजच्या माळावर आहे. तो काळवीट धरतो, ससा धरतो, धनगराची शेळीही पळवतो. पण बोनलेस खात नाही. पिल्लू-ससा असला तर कातडं, हाडं, आतडी सगळं पोटात जातं, आणि कॅल्शियम त्या हाडांतून येतं. शिवाय कुत्रा आता पुरता लांडगा राहिलेला नाही. स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे 2013 साली ‘नेचर’मध्ये छापून आलंय. हे ऐकून आजींना जोर चढला. "मग गावाकडची कुत्री भाकरीवर वाढतात ते बरोबरच की!" अर्धंच बरोबर. ती उकिरड्यावरची हाडंही चघळतात, आणि जी पिल्लं जगत नाहीत त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

अण्णांची शंका वेगळी होती. "रोज सकाळी उन्हात बसवतो ओ हिला. सोलापूरचं ऊन, ड जीवनसत्त्व कमी पडंल का?" पडतं. माणसाच्या कातडीसारखं कुत्र्याच्या कातडीत उन्हानं ते पुरेसं तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. मेच्या उन्हात या पोरीला नुसती धाप लागत होती.

मग मी पिल्लांच्या तयार आहाराचं नाव काढलं. अण्णांनी माझ्या मागच्या कपाटाकडं पाहिलं. तिथं पिशव्या रचलेल्या होत्या. "डॉक्टर, राग मानू नका. एका पिशवीमागं तुम्हाला काय सुटतं?"

मुलगा ओशाळला, पण मला प्रश्न आवडला. औषध लिहिणारा आणि पिशवी विकणारा एकच माणूस असेल तर गिऱ्हाइकानं हे विचारलंच पाहिजे, आणि डॉक्टरला उत्तर देता आलं पाहिजे. मी जे सुटतं ते सांगितलं. मग कंपनीचं नाव न लिहिता कागदावर दिलं: वाढत्या पिल्लासाठी, मोठ्या जातीच्या वाढीसह संपूर्ण आहार, असं पिशवीवर छापलेलं हवं. कोरड्या वजनात कॅल्शियम 1.2 टक्क्याच्या खाली नको, 1.8च्या वर नको. कुठूनही घ्या. घरीच शिजवायचं असेल तर तेही जमतं, पण अंदाजानं नाही. अंड्याच्या टरफलाची पूड कॅल्शियम देईल, ड जीवनसत्त्व, तांबं, जस्त देणार नाही. वाढत्या पिल्लाचा असा आहार जाणकाराकडून ग्रॅमवर आखून घ्यावा लागतो.

मित्राच्या सांगण्यावरून मुलानं आणलेलं कॅल्शियमचं सिरप मी बंद केलं. ते त्याला मुळीच पटलं नाही. कमी आहे तर द्यायचं नाही? समतोल आहार सुरू झाला की वरून सिरप लागत नाही. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, ते आत येतच राहतं, आणि मोठ्या जातींत त्यानं सांधे-हाडं दुसऱ्या बाजूनं बिघडतात. बाकी उपचार म्हणजे वेदनाशामक आणि पिंजरा. जिना नाही, उड्या नाहीत. कूलरसमोर पिंजरा, आत जाड चादर. पिंजऱ्याचं नाव निघताच आजी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

पिशवी अण्णांनी माझ्याकडून घेतली नाही. नवी पेठेतून आणली, दाखवायला घेऊन आले, बरोबर होती.

साधारण महिन्यानं पुन्हा फिल्म काढली. हाडाच्या कडा भरून आल्या होत्या, घडीच्या जागी नवं हाड धरलं होतं. ती चारही पायांवर चालत आली, पण मांडीचा बाक राहणार होता. कंबरेच्या हाडाचा घेरही थोडा दबलेला होता. पुढं शौचाला त्रास झाला तर लगेच आणा, आणि हिची पिल्लं काढायची नाहीत, वाट अरुंद आहे, असं सांगितलं. अण्णांच्या मनात पिल्लं काढायची होती, हे त्यांच्या गप्प राहण्यावरून कळलं. नसबंदीची वेळ विचारून गेले.

मुलगा आता ओळखीच्यांच्या पिशव्यांचे फोटो पाठवतो. त्यातल्या एका पिशवीवर आहार कोणत्या वयासाठी हेच छापलेलं नव्हतं. परत करायला सांगितली. दुकानदार घ्यायला तयार नाही म्हणतो, भांडण चालू आहे.