‘पिन’, ‘फिन’ आणि पहाट: अडलेला प अखेर सुटला

इंग्रजी उच्चार मोजून सुधारण्याच्या माझ्या छंदाविषयीच्या मागच्या नोंदीत व आणि व्ह यांचे प्रकरण मिटवले होते आणि यापुढे इंग्रजीतील स्वरांकडे वळेन असे लिहिले होते. परंतु मध्येच प आडवा आला आणि पाच आठवडे त्यानेच खाल्ले. फोनला मजकूर तोंडी सांगत असताना माझ्या ‘पिन’चे त्याने सलग सहा वेळा ‘बिन’ केले, तेव्हा स्वरांची वही मिटून ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

दुखणे कोठे आहे हे प्राट या ध्वनी मोजण्याच्या संगणक-प्रणालीत लगेच दिसले. लिस्कर आणि एब्रॅमसन या ध्वनिअभ्यासकांनी 1964 मध्ये अकरा भाषांतील स्फोटकांची (प, ब, ट, क अशा, हवा अडवून सोडलेल्या ध्वनींची) जी मोजणी प्रसिद्ध केली, तीत आपली मराठीही होती. त्यांच्या आकड्यांनुसार अमेरिकन इंग्रजीत सुट्या शब्दाच्या आरंभी व्हीओटी (अडवलेली हवा सुटल्यापासून स्वरतंतू थरथरू लागेपर्यंतचा वेळ) सरासरी प साठी 58, ट साठी 70 आणि क साठी 80 मिलिसेकंद भरतो, तर ब साठी जेमतेम 1. माझा प 9 वर होता. ज्या कानाला फक्त प आणि ब एवढीच निवड ठाऊक आहे, त्याने हा ध्वनी ब च्या खात्यात टाकला तर त्याला बोल लावता येत नाही.

क आणि ट यांनी फारसा त्रास दिला नाही, कारण इंग्रजीला तेथे हवा असलेला श्वासाचा झोत सोडणारे ख आणि ठ आपल्या पदरी आहेतच. ‘कॅट’ लिहिलेले असताना ‘खॅट’ म्हणायला जीभ थोडी लाजते इतकेच. पहिल्याच दिवशी 76 चा आकडा आला आणि तो मी वहीत लाल शाईने लिहिला. ठ ला जिभेचे टोक टाळूवरून वरच्या दातांच्या मुळाशी आणावे लागते, त्याविषयी पुढे कधीतरी.

प चे मात्र तसे नाही. नियमाप्रमाणे त्याचा महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह सुटणारा, जोडीदार फ, पण माझ्या पिढीच्या अनेक शहरी तोंडांत तो ओठांवरून सरकून वरच्या दातांवर गेलेला आहे. आजी ‘फळ’ म्हणताना तिचे दोन्ही ओठ पूर्ण मिटत. माझे मिटत नाहीत. त्यामुळे ‘पिन’साठी फ लावला की थेट ‘फिन’ होई, आणि तरंगचित्रात स्फोटाचा उभा काटाच नसल्यामुळे व्हीओटी मोजायची कोठून हाही प्रश्नच असे. त्यातच फोनमधील ध्वनिमुद्रक गोंगाट गाळण्याच्या नावाखाली महाप्राणाचा श्वासच पुसून टाकत होता, हे तीन आठवड्यांनी लक्षात आले. या छंदासाठी ती सोय बंद करता न येणारा ध्वनिमुद्रक घेऊच नये. साधा कॉलर माइक, त्यावर स्पंजची टोपी आणि पंखा बंद, एवढ्यावर भागते.

वाट सापडली ती अनपेक्षितपणे. ‘पहाट’ हा शब्द घाईने म्हणताना त्यातला पहिला अ गळतो आणि ‘प्हाट’ उरते, आणि दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात र न उच्चारला जाणारा ‘पार्ट’ याच्या अगदी शेजारी आहे. ‘पहिला’तून तसाच ‘पिल’ निघतो. ओठ मिटलेले राहतात आणि दात मध्ये येत नाहीत. मोठ्या आनंदाने मोजले, तर आकडा 23! चित्र मोठे करून पाहिल्यावर उलगडा झाला: आपला ह घोष आहे, म्हणजे श्वासाबरोबर स्वरतंतूही थरथरतात, आणि इंग्रजीला तेथे नेमकी त्यांची शांतता हवी असते. मग ‘पह’ एवढा भाग कुजबुजत म्हणून ‘आ’पासून आवाज लावायचा, असे करून पाहिले. दिनदर्शिकेच्या पानाची बोटभर पट्टी ओठांसमोर धरली होती. ती प्रथमच बाहेरच्या बाजूला झुकली. 54, 57, 51. त्या संध्याकाळी फोननेही ‘पिन’ला ‘पिन’ म्हटले.

आता उलटा त्रास सुरू झाला आहे. ‘स्पिन’मध्ये स नंतर इंग्रजी माणूस महाप्राण सोडत नाही, तेथे आपला जुना, कोरडा प चालतो, माझा मात्र 41 वर गेला. घरी जेवताना मी ‘प्होळी’ मागितल्याचेही बहिणीने निदर्शनास आणून दिले.

पुढच्या खेपेस ‘पिन-स्पिन’ अशा वीस जोड्या मुद्रित करायचे ठरवले होते, पण हे लिहिता लिहिता त्याहून चांगली जोडी सुचली. ‘रॅपिड’मध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर असल्यामुळे प जवळजवळ कोरडा राहतो, तर ‘रपिडिटी’मध्ये आघात ‘पि’वर सरकतो आणि श्वास परत येतो. शब्द एकाच कुळातले असूनही प वेगळा, म्हणजे आघात कानाला कळला तरच उच्चार साधेल. तेव्हा वीस जोड्या रद्द. उद्या सकाळी रहदारी सुरू होण्याआधी हे दोनच शब्द, प्रत्येकी दहा वेळा.