‘हुतंयच तसं’

आमच्या आज्जीकडं गरोदर बाईच्या सगळ्या तक्रारींना एकच उत्तर आहे : “हुतंयच तसं.” शेवटच्या तीन महिन्यांत मी ते इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ती बोलायच्या आधी मीच म्हणून टाकायचे. दहापैकी नऊ वेळा आज्जीचं बरोबर होतं. मला सांगायचंय ते दहाव्या वेळेचं, पण आधीच्या नऊ सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

सासर साताऱ्यात, माहेर सांगलीत. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच होतं, आणि आठव्यात वेस ओलांडायची नाही म्हणून सातवा संपायच्या आत मला आणायची घाई. इथंच पहिला घोळ झाला. घरचे महिने मोजतात आणि डॉक्टर आठवडे. सासूबाईंच्या मते मला सातवा सरत आला होता, फाईलवर 30 आठवडे लिहिलेले. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस धरतात. आपलं ‘नऊ महिने नऊ दिवस’ कॅलेंडरवर मांडून बघितलं तर दोन-चार दिवसांच्या फरकानं तेवढंच भरतं. म्हणजे भांडण हिशेबाचं नव्हतंच, बोलण्याच्या पद्धतीचं होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, झोपाळा, आणि शेवटी दोन झाकलेल्या वाट्या. मी उचलली तिच्यात पेढा निघाला. “मुलगा!” म्हणून गलका. साताऱ्यात पेढा नाही निघणार तर काय निघणार? मला मात्र सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची पाटी आठवत होती, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’. 1994 च्या कायद्यानं तिथं प्रत्येक वेळी फॉर्म भरून सही करावी लागते, आणि इथं वाट्या उघडून जाहीर निकाल!

प्रवासाला साताऱ्याच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. पट्टा पोटाच्या खालून मांड्यांवरून बांधायचा आणि तास-दीड तासानं उतरून चार पावलं चालायचं, एवढं सांगितलं. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा असं करत आलो. वाटेत मी चार स्वच्छतागृहं पाहिली. एकाबद्दलही लिहिण्यासारखं काही नाही. ज्या ऐनवेळी डॉक्टर बदलणार असतील त्यांना एकच सांगते, फाईल पूर्ण घ्या. रक्तगट, साखरेची तपासणी, हिमोग्लोबिन, सगळ्या सोनोग्राफ्या, झालेली इंजेक्शनं. सांगलीच्या डॉक्टर बाई पहिली दहा मिनिटं माझ्याशी बोलल्याच नाहीत, फाईल वाचत होत्या. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं.

तर त्या नऊ वेळा. रात्री पोटरीत गोळा येऊन किंचाळत उठणं. (पायाची बोटं आपल्याकडं ओढून धरायची, सुटतो.) छातीत जळजळ, ज्यावरून आज्जीनं बाळाला जावळ भरपूर येणार असं सांगून टाकलं. संध्याकाळी चपला न शिरणारे पाय. डाव्या कुशीवर झोपून झोपून दुखणारा खांदा. उताणं झोपलं की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, म्हणून कूस हवी, आणि गुडघ्यांमध्ये उशी घातली तर कंबर जरा सुसह्य होते. लोहाच्या गोळीनं शी काळी होते, तेही तसंच. ती गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घ्यायची, आणि लोहाची लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त लागू पडते. आमच्याकडं कामाला येणाऱ्या ताईही त्याच वेळी पोटुशी होत्या. त्या सिव्हिलला 9 तारखेला जायच्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणी असते. त्यांच्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. फरक किमतीचाच होता.

तेहतिसाव्या आठवड्यात पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. मी बॅग भरून दारात. आज्जी म्हणाली, “बस, पाणी पी.” प्याले, पडले, आणि थांबलं. त्या खोट्या कळा. खऱ्या कळा थांबत नाहीत, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो.

दोन बाबतीत डॉक्टर बाईंनी आज्जीला सरळ खोडून काढलं. पायाला सूज ठीक, पण चेहरा-हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा काजवे चमकले तर लगेच दवाखाना, कारण तो रक्तदाबाचा मामला असू शकतो. दुसरं म्हणजे ‘शेवटी शेवटी बाळ कमीच हलतं, जागा नसती त्याला’. हे साफ चूक. हलण्याची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी रेटा आणि ढुशी जाणवते, पण हलणं कमी व्हायला नको. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. रक्त किंवा पाणी गेलं तरी तसंच.

आता दहावी.

चौतिसावा आठवडा. मार्केट यार्डात हळदीची आवक जोरात होती, तिकडून जाताना गाडीच्या बंद काचांतूनसुद्धा वास यायचा. एका रात्री तळपायांना खाज सुटली. पोटाला खाज होतीच, कातडी ताणली की होते ती. ही वेगळी होती, आतून येणारी. खाजवून खाजवून बोटं दुखली तरी हात लागतोय असं वाटेना. मग तळहातांनाही. दिवसा कमी, रात्री दोनला डोक्यात जाईपर्यंत. अंगावर पुरळ म्हणाल तर एक नाही, फक्त माझ्याच नखांचे ओरखडे.

आज्जीचं निदान तयार होतं : उष्णता. तूप लावून काशाच्या वाटीनं तळवे घासले. वाटीखालचं तूप काळं झालं, “बघ, निघाली!” म्हणाली. खरं सांगते, ती वाटी फिरत असेपर्यंत स्वर्ग होता. थांबली की दहा मिनिटांत पुन्हा तेच. मग खोबरेल, कोरफड, ओल्या टॉवेलवर पाय. आठवडा असा गेला.

पुढच्या तपासणीला मी खाजेबद्दल बोलणारच नव्हते. डॉक्टरांना काय सांगायचं, पाय खाजतात? रक्तदाब बघणाऱ्या सिस्टरचं लक्ष माझ्या घोट्यांवरच्या ओरखड्यांकडं गेलं. “रात्री जास्त होतंय का? तळव्यांना?” एवढंच विचारलं आणि ती आत सांगायला गेली. त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही.

डॉक्टर बाईंनी यकृताची तपासणी आणि ‘बाइल ॲसिड’, म्हणजे रक्तातल्या पित्ताच्या आम्लांची तपासणी, लिहून दिली. पहिलीचा रिपोर्ट संध्याकाळी आला, एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढतं ते, वाढलेलं. दुसरीचा नमुना बाहेरगावी पाठवतात, तीन दिवस लागले. आकडा 46. साधारण 10 च्या आत असतो.

याला कोलेस्टॅसिस म्हणतात. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळं काही जणींच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही, त्यातली आम्लं रक्तात साठतात आणि खाज सुटते. आईला त्रास खाजेचाच. काळजी बाळाची असते : आकडा जास्त असला की दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते, आणि 100 च्या पुढं गेला तर बाळ पोटातच दगावण्याचा धोकाही. डॉक्टर बाईंनी हे न लपवता सांगितलं, त्याबद्दल माझ्या आईला त्यांचा राग आला आणि मला नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी खाज थोडी कमी होईल एवढंच डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि थोडीच झाली. दर आठवड्याला रक्त. दोनदा एनएसटी, म्हणजे पोटावर पट्टे बांधून वीस मिनिटं बाळाचे ठोके ऐकणं. ते ऐकताना मी इतकी निवांत व्हायचे की त्यांनी एकदा मुद्दाम बजावलं, “हे आजचं सांगतं, उद्याचं नाही. मोजणं सोडू नका.”

यकृत म्हटल्यावर गल्लीत ‘हिला कावीळ झाली’ पसरलं. एक काकू कुठल्याशा गावच्या झाडपाल्याचा पत्ता घेऊन आल्या. माझे डोळे पिवळे नव्हते, आणि असते तरी पोटात बाळ असताना ते औषध घेणार नव्हते. बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

एका तपासणीला डॉक्टर बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? हे घराण्यात येऊ शकतं, आईकडून किंवा वडिलांकडूनही. घरी येऊन सहज बोलले. आज्जी वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, “बापूच्या वेळंला मी गोणपाटावर पाय घासायची. रात्रभर. तुझा आज्जा उठून दिवा लावायचा.” बापू म्हणजे माझे धाकटे काका. बाबांनी हे पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, मग कुणाला सांगितलं नाहीस? “कुणाला सांगायचं? सासू म्हणली हुतंयच तसं.”

आकडा चाळीस-पन्नासच्या घरातच राहिला, म्हणून अडतिसाव्या आठवड्यात दाखल करून घेतलं. कळा सुरू व्हाव्यात म्हणून आधी औषधाचं जेल, मग सलाईनमधून कळांचं औषध, एकोणीस तास. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. मुलगी झाली, 2 किलो 700 ग्रॅम. वाटीतला पेढा चुकला, जावळाचं मात्र आज्जीचं खरं ठरलं. तिसऱ्या रात्री जाग आली ती बाळाच्या रडण्यानं, खाजेनं नाही.

सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं, सगळं जागेवर होतं. फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टर बाईंनी लाल पेननं लिहून ठेवलंय : पुढच्या वेळी हे परत होण्याची शक्यता बरीच, पहिल्या भेटीतच सांगणे; गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

बापूकाकांची मुलगी इचलकरंजीला दिली आहे, तिला आता सातवा लागलाय. आज्जी दर रविवारी मला फोन लावून द्यायला लावते. जेवलीस का, झोप लागती का, काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला :

“तळवं खाजत्यात का गं?”