रतनवाडीत पाहिलेला दुसरा सूर्यास्त

पौष अमावस्येच्या आदल्या दिवशी आम्ही रतनवाडी गाठली. मी आणि बारा वर्षांची भाची. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, मग ब्राह्मणवाडा-कोतूळ-राजूर असा रस्ता. शेंडीनंतर भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालत गेलं की मोबाइलची रेंज जाते आणि अंधार चांगला दाट होतो. आम्ही त्या अंधारासाठीच आलो होतो.

उतरलो ते एका घरगुती मुक्कामी. घरातले बाबा सत्तरीच्या आसपासचे. त्यांना सांगितलं, साडेसातला रतनगडाकडून एक उपग्रह येणार आहे. वेळ मी पुण्याहूनच कागदावर उतरवून आणली होती, हा उपग्रह म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, त्याच्या फेऱ्या आधी कळतात म्हणून. बाबा म्हणाले, "चालती चांदणी ना? रोजच दिसते की एखादी." आणि कांबळं घेऊन तेही अंगणात येऊन बसले.

चुलीचा जाळ आत ढकलला, ओटीवरचा दिवा मालवला. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात मोबाइलकडे बघायचं नाही, ही एकच अट मी भाचीला घातली होती. कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर आला होता. पूर्वेला मृग वर चढलेला, ईशान्येला ब्रह्महृदय हा ठळक तारा.

"मावशी, ते बघ!"

सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी गडाच्या काळ्या कडेवरून एक ठिपका सुटला. ना लुकलुक, ना आवाज. विमान असतं तर लाल-हिरवे दिवे उघडमीट करताना दिसले असते. हा मात्र एकसंध पांढरा, क्षणाक्षणाला तेज वाढवत वर चढला आणि डोक्यावर येईतो आकाशातल्या कुठल्याही ताऱ्याहून ठळक झाला. चारशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं. पुण्याहून इथवर यायला आम्हाला पाच तास लागले, तेवढं अंतर तो अर्ध्या मिनिटाच्या आत तोडतो. २०२५ च्या जून-जुलैत आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला याच स्थानकात १८ दिवस राहिले होते. हे सांगितल्यावर भाचीनं नकळत हात हलवला.

आणि मग, ज्यासाठी मी तिला एवढ्या लांब आणलं होतं, ते झालं. ब्रह्महृदयाच्या जवळ पोचल्यावर ठिपका मंदावला. पांढऱ्याचा पिवळसर, मग अगदी थोडा तांबूस, आणि दोन-चार सेकंदांत दिसेनासा. ना ढग, ना डोंगर आड. भर आकाशात विझला.

"गेला कुठं?"

कुठंच गेला नव्हता. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतोच, आपण बघतो तो त्याच्या पत्र्यावर, सौरपट्ट्यांवर पडलेला सूर्यप्रकाश. आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळला, पण चारशे किलोमीटर वर अजून ऊन होतं. पूर्वेकडे सरकत तो पृथ्वीच्या सावलीत शिरला, म्हणजे त्याच्यापुरता सूर्य मावळला. तांबूस झाला तो त्याचा संधिप्रकाश. साधारण दीड तासात एक प्रदक्षिणा, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा सूर्यास्त. त्यातला एक आम्ही अंगणात बसून बघितला. म्हणूनच उपग्रह बघायचे ते दिवेलागणीनंतर तास-दीड तास नाहीतर पहाटे. हिवाळ्यात मध्यरात्री खालच्या कक्षेतले सगळे सावलीत असतात.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्कायलॅब ऐकलंय का?" १९७९ च्या जुलैत ते अमेरिकेचं अंतराळ स्थानक पडणार म्हणून गावोगाव धास्ती होती. बाबा तेव्हा पंचविशीच्या आतले. आई गुरं घेऊन रानात जाऊ देईना. पडलं ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. पण ती भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटचा तो भाग असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. वरची गर्दी वाढते आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. २०१९ पासून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा दिसू लागल्या. दिसायला सुंदर, पण खगोलशास्त्रज्ञांच्या छायाचित्रांवर त्यांच्या रेघा उमटतात.

भाकरी-पिठल्यानंतर पुन्हा बसलो. आणखी दोन दिसले, दोन्ही फिके. त्यातला एक थांबून थांबून चमकत होता. वापरून झालेलं रॉकेट गटांगळ्या खात फिरत असलं की असं दिसतं. नऊनंतर काहीच नाही.

पहाटे साडेपाचला बाबांनीच हाक मारली. थंडीनं बोटं बधिर, प्रवरेकडून गार वारा, सप्तर्षी उत्तरेला उंच. भाची कांबळ्यात गुरफटून मान वर करून उभी राहिली. सप्तर्षींच्या खाली, जिथं काहीच नव्हतं, तिथं एक बारीक ठिपका हळूहळू उजळला आणि दक्षिणेकडे निघाला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "याचा उगवला."